सोंग आणि अर्ज

आपण जे नाही ते घटकाभर होऊन पाहावे, ही मनुष्याची हौस फार जुनी आहे. अंगणात खेळणारी मुले राजा-प्रधान होतात, भातुकलीत गृहिणी होतात, आणि थोडी मोठी झाली की चोर-शिपाई होतात. मोठी माणसे हाच खेळ लळितात व भारुडात अधिक गांभीर्याने खेळत आली. एकनाथांच्या भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशी नाना सोंगे येतात, आणि ती आणणारी माणसे गावातलीच कोणी शेतकरी, कोणी शिंपी, कोणी सुतार अशी असत. सोंग वठले तर लोक माना डोलवीत, न वठले तर हसत. परीक्षा एवढीच असे. ह्या हौसेस आज मात्र अर्ज करावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो, आणि तो नामंजूर झाल्याने खिन्न होणारी मुले आमच्यासारख्या शिक्षकांच्या पाहण्यात येऊ लागली आहेत. हा विषय आमच्या वाचकांपैकी अनेकांस पोरकट वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, असे आमचे नम्र मत असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

प्रथम ह्या खेळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच मित्रांनी मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यावे आणि बोलता बोलता एक कथा रचावी, असे त्याचे स्वरूप. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ रचावयास घेतला व रिचर्ड बार्टल ह्याने तो पुढे वाढविला. त्यामुळे मेज गेले आणि एकमेकांपासून दूर बसलेली माणसे संगणकाच्या द्वारे, केवळ शब्दांच्या साह्याने, एकाच काल्पनिक जगात वावरू लागली. पुढे शब्दांच्या जागी चित्रे आली. २०१३ साली निघालेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पाचव्या भागात एक संपूर्ण नगरी उभी केलेली आहे, आणि 'फाइव्हएम' नावाच्या सोयीमुळे हौशी मंडळींस त्या नगरीची आपापली स्वतंत्र आवृत्ती चालविता येते. तेथे कोणी पोलीस होतो, कोणी डॉक्टर, कोणी टॅक्सीवाला, कोणी वकील, तर कोणी दरोडेखोर. कानास यंत्र लावून सर्व जण आपापल्या पात्राच्या तोंडचे बोलतात. संहिता नाही, सूत्रधार नाही आणि पडदाही नाही.

अशा नगरीस वेस असावी हे उघड आहे. नाटकात प्रेक्षक समोर बसलेला असतो. येथे प्रत्येक जण नटही आहे आणि प्रेक्षकही आहे, म्हणून एका टवाळखोराने साऱ्यांची संध्याकाळ नासते. ह्यासाठी ह्या मंडळ्यांनी काही नियम केले आहेत. 'मेटागेमिंग' करू नये, म्हणजे नटास ठाऊक असलेली परंतु पात्रास ठाऊक नसलेली गोष्ट वापरू नये, हा त्यांतील पहिला. आमच्या वाचकांस तो 'शाकुंतला'वरून तत्काळ कळेल. समोर उभी असलेली स्त्री कोण हे दुष्यंताचे काम करणाऱ्यास पक्के माहीत असते, पण शापामुळे दुष्यंतास ते माहीत नसते. नटाने ओळख दाखविली की नाटक तेथेच संपले. दुसरा नियम 'पॉवरगेमिंग' न करण्याचा, म्हणजे आपल्या पात्राच्या अंगी नसलेले सामर्थ्य गाजवू नये आणि दुसऱ्याच्या कृतीचा परिणाम नाकारू नये. भीमाने मारूनही मरावयास तयार नसलेला कीचक रंगभूमीवर कोणास चालेल? हे नियम उत्तम आहेत. ते पाळणारेच लोक आत यावेत, ह्या हेतूने अनेक मंडळ्या प्रवेशासाठी अर्ज मागवितात. हेतूविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अर्जाविषयी.

आम्ही ज्या टेंभुर्णीत राहतो ते जाफराबाद तालुक्यातील गाव आहे. थोडे पुढे गेले की बुलढाणा जिल्ह्याची हद्द लागते. भोवताली कापूस, सोयाबीन व मका, आणि घरोघरी स्पर्धापरीक्षांची पुस्तके. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात एक छापील कागद घेऊन आमच्याकडे आला व त्यातील इंग्रजी तपासून द्यावे, अशी त्याने विनंती केली. नोकरीचा अर्ज असावा असे समजून आम्ही तो हाती घेतला. तो एका काल्पनिक नगरीत प्रवेश मिळविण्याचा अर्ज निघाला. प्रश्न बावीस होते. नाव, वय, गाव, शिक्षण, आजवरचा अनुभव, नियमांच्या व्याख्या, आणि शेवटी आपल्या पात्राची पूर्वकथा, तीनशे शब्दांहून कमी नको. त्याने योजलेले पात्र एस.टी.चा वाहक होते. आडमार्गाच्या गाडीवरचा, कोणता उतारू कोणत्या फाट्यावर उतरतो हे तोंडपाठ असलेला, आणि सुट्टे पैसे नसले की "उद्या घ्या" म्हणून वहीत टिपून ठेवणारा. कागदावरचे त्याचे इंग्रजी अगदीच पांगळे होते. परंतु "हा मनुष्य बोलतो कसा?" असे विचारताच त्या मुलाने उभ्या उभ्या जे पाचदहा वाक्यांचे संभाषण म्हणून दाखविले, ते ऐकून शिक्षकांच्या खोलीतील एका गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. वाहक साक्षात खोलीत उभा होता.

अर्ज गेला. अकरा दिवसांनी उत्तर आले, तेही एका शब्दाचे: नामंजूर. तीस दिवसांपर्यंत पुन्हा अर्ज करू नये, अशी त्याखाली सूचना. कारण दिलेले नव्हते. त्याच वर्गातील दुसऱ्या एका मुलाचा अर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाला. सूडासाठी परतलेल्या एका सैनिकाची त्याची कथा फारच सफाईदार इंग्रजीत होती, कारण ती यंत्राने लिहून दिली होती, आणि तसे तो मोकळेपणाने सांगतही होता. आत गेल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना, आणि आठ दिवसांत तो खेळ सोडून बाहेर आला. हे वृत्त कळले तेव्हा पहिला मुलगा आम्हांस एवढेच म्हणाला, "सर, आमच्या गावाचं नाव लिहिलं म्हणून असेल का?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्यास कोणी दिलेले नव्हते, आणि उत्तर नसले की मनुष्य आपल्या मनातील सर्वांत बोचरे उत्तर खरे धरून चालतो.

आता ह्या अर्जाने परीक्षा कशाची घेतली ते पाहू. पात्र उभे करण्याची शक्ती, दुसऱ्याचे ऐकून त्यास अनुरूप उत्तर देण्याची शक्ती, आणि आपली हार खेळीमेळीने सोसण्याची शक्ती, ह्या तीन गोष्टी ह्या खेळास लागतात. अर्जाने मोजला तो निबंध, आणि तोही परभाषेतील. अनेक भारतीय नगऱ्यांत प्रत्यक्ष बोलणे हिंदीत चालते, पण वेशीवरचा पहारेकरी इंग्रजी विचारतो, हा आणखी एक चमत्कार. त्यातही २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' सर्वांस खुले झाल्यापासून तीनशे शब्दांची कथा पैदा करणे हे क्षणाचे काम झाले आहे. जो निबंध यंत्र लिहू शकते त्यावरून माणसाची पारख करणे म्हणजे भाड्याने आणलेल्या अंगरख्यावरून नवरदेवाची ऐपत ठरविण्यासारखे आहे.

आमच्या नाटकमंडळ्यांपुढे हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी होता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि पुढील तीनचार दशकांत गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांचा सुकाळ झाला. मंडळीत शिरू पाहणारे उमेदवार पुष्कळ असत. त्यांची पारख कागदावर होत नसे, ती गळ्यावर, उभे राहण्यावर आणि तालमीत होई. केशवराव भोसले ह्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. लहान वयात ते स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९०८ साली त्यांनी हुबळीस 'ललितकलादर्श' स्थापिली. त्यांच्यापुढे कोणी बावीस प्रश्नांचा कागद टाकला असता, तर १९२१ सालचे ते प्रसिद्ध 'संयुक्त मानापमान' महाराष्ट्रास पाहावयास मिळाले असते काय? बालगंधर्वांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. लहानपणी त्यांच्या कानास दोष होता. शाहू छत्रपतींनी त्यांस उपचारासाठी मिरजेस पाठविले, आणि १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. गायकाच्या अर्जात "श्रवणशक्ती निर्दोष आहे काय?" हा प्रश्न कोणासही रास्त वाटेल. त्या एका रकान्याने मराठी रंगभूमीचा केवढा ठेवा वेशीबाहेर राहिला असता!

जुन्या मंडळ्यांत सारे काही गोड होते असे मात्र आम्ही म्हणत नाही. लहान मुले आईबापांपासून दूर राहत, त्यांचे हाल होत, मालकाच्या लहरीवर पुष्कळसे अवलंबून असे. ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी असा आमचा आग्रह नाही. तिच्यातील एकच गोष्ट घेण्याजोगी आहे, ती म्हणजे तालीम. नवख्याने पहिल्याच रात्री नायक व्हावे असे तेथे कोणी अपेक्षीत नसे. सखी, द्वारपाल, सेवक अशी लहान कामे करता करता तो तयार होई. आजच्या खेळमंडळ्यांनीही हेच करावे. लांबलचक पूर्वकथेऐवजी पात्राविषयी चार ओळी घ्याव्यात, त्याही अर्जदाराच्या भाषेत, आणि मग एका संध्याकाळी दोन जुन्या खेळाडूंनी त्यास अर्धा तास बरोबर घ्यावे. नगरीबाहेर एखादा लहानसा प्रसंग द्यावा. तिकिटावरून भांडण, बिघडलेली गाडी, दवाखान्यात वाट पाहणारा नातेवाईक, असे काही. त्या अर्ध्या तासात नियमांच्या बाविसांहून अधिक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. 'मेटागेमिंग'ची व्याख्या पाठ म्हणणारा तेथे ते करील आणि व्याख्या न येणारा करणार नाही, असेही दिसून येईल. दिवाणखान्यात बसून पोहण्याची परीक्षा घेता येत नाही.

दुसरी सूचना आम्ही आमच्याच जिल्ह्यातील थोर पुरुषाच्या आधारे करतो. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला, आणि हे गाव आज जालना जिल्ह्यातच मोडते. दासबोधाच्या पाचव्या दशकात त्यांनी शिष्य कसा असावा हे सांगितले आहे, परंतु त्या समासाच्या आधी गुरू कसा असावा ह्याचा समास आहे. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. जो दुसऱ्याची परीक्षा घेणार त्याने आपली लक्षणे आधी उघड मांडावीत. खेळमंडळीने अर्जाच्या माथ्यावर स्वतःची माहिती द्यावी: खेळ कोणत्या भाषेत चालतो, कोणत्या वेळी चालतो, किती वयापुढील माणसे घेतली जातात, अर्ज कोण वाचतो, उत्तर किती दिवसांत मिळते, आणि आत कोणी छळ केला तर दाद कोणाकडे मागावयाची. हे वाचून निम्मे अर्जदार आपण होऊन ठरवितील की ही जागा आपल्यासाठी नव्हे, आणि वाचणाऱ्यांचे श्रम तितकेच वाचतील. अर्ज ही दोन बाजूंची ओळख आहे. एकाच बाजूने उलटतपासणी चालली म्हणजे तिचा चौकीवरचा जबाब होतो.

तिसरी गोष्ट विचारण्याच्या मर्यादेची. सोंग घेणाऱ्यास त्याचे खरे गाव, खरे कॉलेज, घरचा पत्ता विचारण्याचे प्रयोजन काय? वय मात्र अवश्य विचारावे. ज्या खेळाचा वर उल्लेख केला तो युरोपात अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही असे त्याच्या वेष्टनावरच छापलेले असते, आणि ह्या बाबतीत कडकपणा हवाच. आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे व तिची माहिती हाताळण्यास पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कामापुरतीच माहिती घ्यावी, हे त्याचे एक मूलतत्त्व होय. गावाचे नाव विचारलेच नसते, तर आमच्या विद्यार्थ्याच्या मनात तो प्रश्न उभाच राहिला नसता.

चौथी गोष्ट निकालाची. आम्ही गेली अनेक वर्षे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासीत आहोत. एकाच पत्रिकेवर दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत, आणि सकाळच्या गठ्ठ्यास मिळणारा न्याय संध्याकाळच्या गठ्ठ्यास मिळत नाही, हे आमच्या व्यवसायातील सर्वश्रुत सत्य आहे. म्हणून निदान दोघांनी, एकमेकांस न विचारता, निर्णय द्यावा, आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने ऐकावे. नामंजुरीबरोबर दोन ओळींचे कारण द्यावे. "आपले पात्र चांगले आहे, परंतु दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देत नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा यावे," असे उत्तर मिळालेला मुलगा पंधरा दिवस ऐकण्याचा अभ्यास करील. एका शब्दाचे उत्तर मिळालेला मुलगा केवळ झुरेल.

ह्यावर असा आक्षेप येईल की, हे चालविणारे बहुधा स्वतःच विद्यार्थी किंवा नोकरदार असतात, पदरचा वेळ खर्चून काम करतात, आणि अर्जांच्या राशी पडल्यावर प्रत्येकाची तालीम घेणे त्यांस शक्य होत नाही. आक्षेप खरा आहे. त्यास आमचे उत्तर असे की, बावीस उत्तरे वाचण्यास जो वेळ जातो तोच इकडे वळवावा. निम्मे प्रश्न गाळले तर निम्मा वेळ मोकळा होतो. शिवाय तालीम एकेकाचीच घ्यावी असा नियम नाही. चार नवखे व दोन जुने असा एक प्रसंग रचला, तर नवख्यांचे एकमेकांशी वागणेही दिसते, आणि पुष्कळदा तेच सर्वांत जास्त सांगून जाते. आणि ज्या मंडळीस एवढेही जमत नाही तिने अर्ज मागविणे काही दिवस थांबवावे. दार बंद आहे असे सांगणे दार उघडे ठेवून आतून उत्तर न देण्यापेक्षा केव्हाही सभ्यपणाचे.

कोणी म्हणेल, एका खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? आमच्या भागातील तरुणाचे आयुष्य आज अर्जांनी व्यापलेले आहे. तलाठ्याची भरती, पोलिसांची भरती, शिष्यवृत्ती, वसतिगृह. जागा थोड्या आणि अर्ज हजारो. तेथे नकार येतो तो जागाच नाहीत म्हणून, हे त्यास समजते व तो सोसतो. परंतु जेथे मनुष्यास वाटेल ते होता येते, जेथे शेतकऱ्याचा मुलगा शल्यविशारद होऊ शकतो व अबोल मुलगा वकील होऊ शकतो, त्या काल्पनिक नगरीच्या वेशीवरही त्याचे खरे गाव, खरी शाळा आणि खरे इंग्रजीच तपासले जावे, ह्यात त्या खेळाचाच पराभव आहे. सोंगाचे सारे मोल असे की, ते घेताना जन्माने मिळालेले ओझे क्षणभर खाली ठेवता येते. ते वेशीवर पुन्हा डोक्यावर चढविले तर आत जाऊन काय साधले?

म्हणून ह्या मंडळ्या चालविणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे आहे की त्यांनी वेस राखावी, पहाराही ठेवावा, टवाळखोरांस निर्दयपणे बाहेर काढावे. परंतु येणाऱ्यास "तू कोण?" असे विचारण्यापूर्वी "आम्ही असे आहोत" हे सांगावे, आणि "लिहून दाखव" म्हणण्याऐवजी "करून दाखव" म्हणावे. एवढा पालट केल्यास त्यांच्या नगरीत कदाचित एक एस.टी.ची गाडीही धावू लागेल, आणि तिच्यातील उतारूंचे सुट्टे पैसे कोणी तरी प्रामाणिकपणे वहीत टिपून ठेवील.